व्हाया मोंतेबेल्ला

जोयड्याच्या बसस्टँडवर कुणी विचारलं, "ही गाडी कुठं जाते?" तर व्हायामामा कधी सरळ उत्तर देत नसत. आधी चष्म्यावरून त्या माणसाकडे बघत आणि मग म्हणत, "कुंबारवाड्यावरनं जाते." विचारणारा गोंधळायचा. त्याला जायचं असायचं कारवारला, कुंबारवाड्याशी त्याचं काही देणंघेणं नसायचं. पण मामांचं म्हणणं ठाम होतं. "कुठं जायचं ते सगळेच सांगत्यात. कुठनं जायचं ते ज्याला ठाव हाय, त्यो पोचतो." स्टँडवरचे कंट्रोलर म्हणून त्यांनी अख्खी नोकरी या एका वाक्यावर काढली. त्यामुळे त्यांचं खरं नाव कागदोपत्री उरलं आणि बाकी तालुका त्यांना व्हायामामाच म्हणू लागला. मामा जाऊन आता दोन वर्षं झाली, तरी बसची पाटी दिसली की माझी नजर आधी खालच्या 'व्हाया'च्या ओळीवर जाते.

मी तेव्हा नंदिगड्ड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मूळची खानापूरची, जोयड्यात खोली घेऊन राहिलेली, रोज सकाळी गुंदवरून जाणाऱ्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसणारी. तिकडे शिक्षिकेला कानडी रिवाजाने अक्कोरू म्हणतात. मी मामांच्या मुलीच्या वयाची, पण तेही मला अक्कोरूच म्हणायचे. "गाडीला उशीर आहे" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "गाडी वाटंत हाय," एवढंच ते सांगत. वाटेत म्हणजे नेमकी कुठे, हे विचारायची सोय नव्हती.

गाड्यांच्या पाट्या ते स्वतः रंगवत. सगळीकडे शेवटच्या गावाचं नाव मोठं असतं आणि मधल्या गावाचं बारीक. मामांच्या पाट्यांवर नेमकं उलटं. एकदा वरचे कुणी साहेब तपासणीला आले आणि त्यांनी याचं कारण विचारलं. मामा म्हणाले, "साहेब, शेवटच्या गावचा माणूस झोपला तरी पोचतो. मधल्या गावच्याला जागं ऱ्हावं लागतंय." साहेब चहा पिऊन गेले आणि पाट्या तशाच राहिल्या.

मामांच्या खिडकीत वेळापत्रकाशेजारी एक पातळ इंग्रजी पुस्तक कायम असायचं. इटलीतलं बोलोन्या नावाचं जुनं शहर बघायला येणाऱ्यांसाठी लिहिलेलं ते मार्गदर्शक होतं. आत रंगीत चित्रं आणि शेवटी घडीचा नकाशा. दांडेलीकडून आलेली शहरी मंडळी खिडकीशी येऊन विचारायची, "अंकल, इथे बघण्यासारखं काय आहे?" मामा म्हणायचे, "इथं जंगल हाय. ते तुम्ही येताना बघितलंसा. शहर बघायचं असंल तर हे बघा," आणि नकाशा उलगडायचे. बिचारी पुण्याची माणसं धबधबा विचारायला आलेली असायची, त्यांना बोलोन्याचा मोठा चौक आणि त्यातलं कारंजं बघून जावं लागायचं.

पुस्तक वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मामांचं इंग्रजी पाट्यांपुरतं होतं. मी वाचून मराठीत सांगायची, मामा मान डोलवायचे. त्या शहरात दोन उंच जुने बुरूज आहेत आणि त्यातला एक चांगलाच कललाय, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "कंत्राटदार तिथलाबी आपल्यातलाच दिसतोय." पण शहरातले बहुतेक रस्ते कमानींच्या छपराखालून जातात आणि पावसात छत्रीशिवाय मैलोनमैल चालता येतं, हे मात्र त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. चार महिने धो धो पाऊस बघणाऱ्या माणसाला ते खरं वाटेना. मग म्हणाले, "बरं हाय. भिजत नसंल म्हणायची." कोण भिजत नसेल, ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते एका कमानीच्या निमित्ताने. चौकालगतच्या एका जुन्या इमारतीखाली अशी कमान आहे म्हणे, की एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोललं तर तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं. मामांनी दुसऱ्याच दिवशी आमच्या स्टँडवर प्रयोग केला. कँटीनच्या शांतारामअण्णांना एका कोपऱ्यात उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात भिंतीला नाक लावून काहीतरी पुटपुटले. "काय म्हटलं मी?" त्यांनी ओरडून विचारलं. "दोन चहा म्हटलंसा," अण्णा म्हणाले. सगळे हसले. मी मामांच्या मागेच बाकावर होते, मला ऐकू आलं होतं. ते म्हणाले होते, "सुलू, जेवलीस काय गं?"

सुलू म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. बायको लवकर गेल्यावर त्यांनी एकट्याने वाढवलेली. गोव्यात नर्सिंग शिकली आणि एका ओळखीने बोलोन्याला एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला गेली. मामांनी तिच्यासाठी रामनगरचं चांगलं स्थळ बघून ठेवलं होतं. तिने ते नाकारलं. "तिथं ऱ्हाणार कुठं?" असं मामांनी जाताना विचारलं, तेव्हा ती तिरसटपणे म्हणाली, "पोचल्यावर कळवते." मामा म्हणाले, "तुझं तू बघ." ती बसली त्या गाडीलाही त्यांनीच शिट्टी मारली, पण खिडकीशी गेले नाहीत. दोन महिन्यांनी हे पुस्तक टपालाने आलं. पहिल्या पानावर सुलूने आपल्या हाताने इंग्रजीत पत्ता लिहिला होता: चौदा, व्हाया मोंतेबेल्ला, बोलोन्या.

आता मी माझ्या चुकीकडे येते. मामांनी तो पत्ता माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "अक्कोरू, व्हाया म्हंजे मार्गेच न्हवं? का इंग्लिशमधी दुसरं काय असतंय?" मी इंग्रजीची बी.ए. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "मार्गेच, मामा. दुसरं काय असणार?" ते खिन्नपणे हसले. "मग बघा की. बोलोन्याला ऱ्हाते, ठीक. चौदा नंबरच्या गाडीनं मोंतेबेल्लावरनं जायचं, तेबी ठीक. पण बोलोन्यात कुठं? घर न्हाई, गल्ली न्हाई. जायचं कसं तेवढं लिवलंय, ऱ्हाते कुठं ते लिवलंच न्हाई." मी ते पान पुन्हा पुन्हा बघितलं. मला त्यांचं पटलं. आज या गोष्टीची लाज वाटते, पण तेव्हा अगदी मनापासून पटलं.

हे मोंतेबेल्ला गाव कुठे असेल याचा शोध आम्ही कितीतरी सकाळी घेतला. मामांनी त्याचा अर्थही लावला होता. कानडीत बेल्ल म्हणजे गूळ, तेव्हा ते गुळाचं गाव असणार. "आपल्याकडच्यासारखी गुऱ्हाळं असतील," ते म्हणायचे. पण नकाशा उघडला की डोकं चालेनासं व्हायचं. जिकडे बघावं तिकडे व्हाया. व्हाया हे, व्हाया ते, एका मोठ्या देवळाभोवती सात-आठ व्हाया. मुक्कामाचं गाव एकही नाही. शेवटी आम्ही ठरवलं की हा शहराचा नकाशा नसून बसमार्गांचा आहे. तरी मामांचं समाधान होईना. "सगळेच कुठनं तरी जात्यात, अक्कोरू. मग पोचतंय कोण त्या गावात?" मी म्हटलं, परदेशात पद्धत वेगळी असेल. एखादी गोष्ट कळली नाही की आपण हे वाक्य फार सहज म्हणतो.

तुम्ही म्हणाल, फोनवर विचारायचं की. फोन यायचा, महिन्यातून दोनदा. रेंज स्टँडच्या टोकाच्या खांबापाशीच मिळायची, म्हणून मामा खांबाला टेकून बोलायचे आणि आम्हा सगळ्यांना ते ऐकू यायचं. पाऊस किती, गुडघा कसा आहे, जेवण झालं का. एकदा सुलू म्हणाली असावी की काही पाठवायचं असेल तर पत्ता दिलाय. मामा म्हणाले, "व्हय, दिलायस." एवढंच. फोन ठेवून माझ्याजवळ येऊन बसले. "व्हिया म्हणते व्हायाला. जीभ वळली पोरीची." मी म्हटलं, मामा, सरळ विचारून टाका घर कुठे आहे ते. त्यांनी मान हलवली. "जिनं आपण होऊन सांगितलं न्हाई, तिला इचारायचं कशाला? मी दारात जाऊन उभा ऱ्हाईन म्हणून भ्याली असंल." तरी दर उन्हाळ्यात ते आमसुलं वाळवायचे. सुलूला आमसुलाचं सार फार आवडायचं. दरवर्षी तिच्या नावाची पिशवी भरून ठेवायचे आणि पावसाळा संपला की ती पिशवी माझ्या हातात द्यायचे. चार वर्षं मी सुलूच्या वाटणीचं सार प्यायले.

मामा निवृत्त झाले तरी सकाळी स्टँडवर येतच होते. नवा कंट्रोलर त्यांना खुर्ची द्यायचा आणि पुस्तक खिडकीतच असायचं. एका आषाढात अणशीच्या घाटात झाड पडलं आणि गाड्या अडकल्या. मामा त्या दिवशी तापामुळे आले नव्हते. बसून बसून कंटाळले, म्हणून मी पुस्तकाची आम्ही कधीच न वाचलेली शेवटची पानं उघडली. मामांना बघण्यासारखी ठिकाणं तेवढी हवी असायची. पायी फिरण्याच्या वाटांचं हे प्रकरण आम्ही सोडून दिलं होतं. तिथे लिहिलं होतं, "व्हाया मोंतेबेल्ला अरुंद आणि शांत आहे. तिच्या दोन्ही बाजूंना कमानी आहेत आणि कमानींवर जुनी घरं." मी ते वाक्य पाच-सहा वेळा वाचलं. व्हायाला दोन बाजू कशा असतील? व्हायावर घरं कशी असतील? आधी वाटलं छपाईची चूक आहे. मग नकाशा पुन्हा उलगडून बघितला. त्या भाषेत व्हाया म्हणजे रस्ता. मार्गे नव्हे, नुसता रस्ता. गल्ली. आणि चौदा हा घराचा नंबर.

दोन दिवस मी मामांकडे गेलेच नाही. माझ्या एका फुशारकीच्या उत्तरामुळे एक बाप चार वर्षं मुलीशी अबोला धरल्यासारखा बोलत आला होता. तिसऱ्या दिवशी गेले. ते घोंगडी पांघरून पडवीत बसले होते. मी पुस्तक उघडून सगळं सांगितलं. त्यांनी त्या ओळीवर बोट फिरवलं.

"म्हंजे चौदा नंबर गाडीचा न्हवं?"

"घराचा, मामा."

"मग पत्ता पुरा हाय."

"पहिल्या दिवसापासून पुरा होता. चूक माझी."

मामांनी चष्मा काढून घोंगडीला पुसला आणि म्हणाले, "मी पोरीला मनात लई वाईट बोललो की हो, अक्कोरू." मग उठून आत गेले आणि आमसुलांची पिशवी घेऊन आले.

पार्सलवर पत्ता त्यांनी पाटीच्या ब्रशने रंगवला. व्हाया लिहू का रस्ता लिहू, यावर आमचा पुन्हा घोळ झाला. शेवटी सुलूने लिहिलं होतं तसंच ठेवलं. टपालाच्या खिडकीपलीकडचा माणूस पत्ता वाचून म्हणाला, "मामा, हे व्हाया मुंबई जाईल. तुमच्या मोंतेबेल्लावरनं न्हाई पाठवता येणार." मी हसू दाबलं. मामा मात्र गंभीरपणे त्याला समजावू लागले, "अरे, गल्लीचं नाव हाय ते. माझी पोरगी ऱ्हाते तिथं." हे वाक्य त्यांनी गरज नसताना दोनदा म्हटलं. महिन्याभराने खांबाशी फोन आला. मामांनी ऐकलं, आमच्याकडे वळले आणि गाडी आल्यावर सांगायचे त्याच आवाजात सांगितलं, "पोचलं."

त्याच वर्षी गणपतीच्या चवथीला सुलू आली. तिला या सगळ्या घोळातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामांनी मला शपथ घातली होती. मामा सकाळपासून स्टँडवर होते, धुतलेला सदरा घालून. रामनगरची गाडी आली. सुलू उतरली आणि मामांच्या पाया पडली. आयुष्यभर हजारो माणसांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मामांना मुलीला काय विचारावं ते सुचेना. शेवटी त्यांच्या तोंडून आलं ते नेहमीचंच. "कुठनं आलीस?"

मला वाटलं ती म्हणेल, रामनगरवरून. किंवा गोव्यावरून. ती प्रवासाने दमली होती, बॅग ओढत होती. विचार न करता म्हणाली, "घरनं आले, बाबा."

घर म्हणजे तिने तिथलं म्हटलं होतं, चौदा नंबरचं, कमानीवरचं. ते शोधण्यात मामांची चार वर्षं गेली होती. आणि इथलं घर तर स्टँडमागे पाच मिनिटांवर होतं, कडी लावलेलं, आत सार तयार ठेवलेलं. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघत होते, आणि ते सुखावले की त्यांच्या काळजात कळ आली, हे मला अजूनही सांगता येत नाही. त्यांनी तिची बॅग उचलली.

"बरं झालं," ते म्हणाले, "घर हाय म्हंजे."