गल्लीनं सारवलेलं मैदान

हे गेले त्याला चार महिने झाले. भेटायला येणारी माणसं आता कमी झाली आहेत. गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या गल्लीतल्या दोघी आल्या होत्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, आता काठी टेकत चालणाऱ्या. यांच्या आजारपणाबद्दल थोडं बोलणं झालं. मग चहा पिता पिता एक म्हणाली, "काही म्हण, त्यांच्यामुळं आपण मैदान सारवलं." दुसरी हसली, मीही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसले, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. मधूनमधून हसू येतच होतं. त्या गेल्यावर मात्र ते मैदान डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले. मला लिहायला वेळ लागतो.

एकाहत्तर साली लग्न होऊन मी जामखेडहून नगरला आले. घरात सासूबाई, हे आणि मी. यांची कचेरीत कारकुनी. मला पुस्तकं वाचायची सवय, बोलायची फारशी नाही. यांचंही बोलणं मोजकंच. त्यामुळे पहिल्या महिन्यात हे रोज संध्याकाळी चहा पिऊन कुठे जातात, हे मला सासूबाईंनी सांगितलं.

"गल्लीच्या टोकाला खांबावर टोपली टांगलीय, तिथे जातो," त्या म्हणाल्या. "पोरं तीत चेंडू टाकतात आणि तो खालून पडतो. बुडाला भोकच आहे. मी एकदा जाऊन बघून आलेय."

गल्लीच्या टोकाला मोकळी जागा होती. तिथे समोरासमोर दोन लाकडी खांब, त्यांवर फळ्या आणि लोखंडी कड्या. खाली मुरूम. आमच्या गल्लीतल्या पोरांचा तिथे बास्केटबॉलचा क्लब होता. कोणी फिटर, कोणी कॉलेजात, कोणी वडलांच्या दुकानात बसणारा. हे स्वतः कधी खेळले नाहीत. उंची बेताची, चष्मा जाड. पण चुन्याच्या रेघा मारणं, चेंडूत हवा भरणं, जाळी फाटली की सुतळीनं विणणं, ही कामं यांची. पोरं यांना भाऊसाहेब म्हणत.

जिल्ह्यातल्या क्लबांची एक स्पर्धा दर वर्षी माघात व्हायची. आमचा संघ बऱ्याचदा शेवटच्या सामन्यापर्यंत जायचा आणि तिथे हरायचा. हरवणारा संघ ठरलेला, उत्तरेकडच्या एका साखर कारखान्याचा. बहात्तरच्या माघात तो शेवटचा सामना कारखान्यावरच होता आणि हे मला बरोबर घेऊन गेले. लग्नानंतर आम्ही दोघंच बाहेरगावी गेलो ती ही पहिली वेळ. हवेत मळीचा वास होता. मैदान सिमेंटचं, कडेला पाण्याचा नळ, आणि तो नळ कोणीही सोडावा तेव्हा वाहत होता. जामखेडच्या माणसाला तो नळच सामन्यापेक्षा बघण्यासारखा.

सामना सुरू झाला आणि मी पहिल्यांदा यांचा आवाज ऐकला. घरात "अगं, पाणी दे" हेसुद्धा हळू म्हणणारा माणूस कमरेतून वाकून ओरडत होता, "पास दे! अरे गाढवा, पास दे!" आम्ही थोडक्यात हरलो.

परतीच्या एस.टी.त पोरं माना खाली घालून बसली होती. हे मात्र खुशीत. मागच्या बाकावरून पुढे वाकून त्यांनी कप्तानाला सांगितलं, "तू मनाला लावून घेऊ नको. सिमेंटवर चेंडू छातीपर्यंत उठतो. आपला मुरूम मऊ, आपला चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही. तुमचे हात खाली असतात, चेंडू वरून जातो. यात तुमची काय चूक?"

"मग करायचं काय, भाऊसाहेब?"

"काहीच नाही. पुढच्या वर्षी स्पर्धा आपल्याकडे आहे. ते आपल्या मुरुमावर येणार. चेंडू वर यायची वाट बघत उभे राहतील, आणि आपण खालून काढून नेऊ."

"भाऊसाहेबांचं पुढचं वर्ष," मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे उधारीवाल्याचा सोमवार. रोजच पुढं!"

सगळे हसले. हेही हसले. पण मला खिडकीशी वळून म्हणाले, "तू बघच."

पुढे पाऊस आलाच नाही. बहात्तर सालाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, मी त्यात भर घालत नाही. आमच्या गल्लीत एक दिवसाआड टँकर यायचा, रेशनला लाल मिलो ज्वारी मिळायची, गावाकडची माणसं खडी फोडायच्या कामावर होती. मैदानाचं असं झालं की, मुरुमाला दर वर्षी पावसाळ्यानंतर पाणी मारून रूळ फिरवावा लागतो. त्या वर्षी पाणी मिळालं नाही. दिवाळीपर्यंत वरचा थर सुटला. पोरं पळाली की पाय घोट्यापर्यंत धुळीत जायचे आणि चेंडू टाकला की तिथेच बसायचा.

मार्गशीर्षात निरोप आला. संक्रांतीनंतर दोन पंच मैदान बघायला येतील. मैदान खेळण्याजोगं नसेल तर स्पर्धा पुन्हा कारखान्यावर होईल.

त्या रात्री हे जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. सासूबाई म्हणाल्या, "कारखान्यावर होईना का. तिकडे पाणी तरी प्यायला मिळेल पोरांना."

"आई, एकदा आपल्याकडे व्हायला पाहिजे," हे म्हणाले. "तिकडे दहा वर्षं गेलो तरी हरणारच आपण." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "जामखेडला तुम्ही काय करता? पाणी नसलं की?"

मी सांगितलं, आमच्याकडे पाणी टाकत नाहीत. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणाला. एकच पाणी दोनतीनदा राबतं.

"गल्लीत किती चुली आहेत गं?" त्यांनी विचारलं. मला त्यांच्या मनातलं कळलं, आणि हेही कळलं की पाणी बायकांच्या हातात आहे, तेव्हा विचारायला मलाच जावं लागणार. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि मी गल्लीत धड चार घरांत गेले नव्हते.

पहिलं घर समोरचं. तिथे राहणाऱ्या मावशी मूळच्या तिसगावच्या, त्यांचे यजमान ट्रक चालवायचे. मी उंबऱ्यात उभं राहून एका दमात सांगितलं: भांड्याचं, आंघोळीचं, तांदळाचं सांडपाणी डब्यात साठवा, संध्याकाळी पोरं येऊन नेतील, मैदानाला मारायचंय.

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू बोलती व्हय गं? मला वाटलं मुकी हाय. लई बरं वाटलं." मग आत वळून लेकीला म्हणाल्या, "डालड्याचा डबा आन." आणि मला, "पर नुसतं पानी मारून काय हुनार न्हाई. उन्हानं उडून जातंय. आमी खळं करतो तसं करावं लागंल. चोपावं लागंल, सारवावं लागंल."

त्या माझ्याबरोबर पुढच्या घरी आल्या. त्यानंतर मला फारसं बोलावं लागलंच नाही.

अडचण आली ती आमच्याच घरात. सासूबाईंचं सोवळं कडक. "खरकट्या पाण्यावर पोरं खेळणार? आणि तेच पाय घेऊन घरात येणार?" दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आल्या आणि मोरीतल्या घमेल्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "हे माझ्या आंघोळीचं. सोवळ्याचं आहे. आपल्या टोपलीखाली टाकायला सांग, त्यांच्या नाही."

"आई, मध्यंतरानंतर टोपल्या बदलतात," हे म्हणाले.

"मग अर्धं अर्धं टाका."

रोज संध्याकाळी पोरं डबे गोळा करत. मुरूम भिजवून रूळ फिरवला जाई. मग मावशींनी चोपणी आणली. चोपणं म्हणजे जमीन बडवायचं सपाट लाकूड, कपडे धुवायच्या धोपटण्यासारखं. अशी चोपणी घराघरांतून निघाली. जनावरं छावणीत गेली होती, शेण मिळेना. म्हणून टांग्याच्या अड्ड्यावरून घोड्यांची लीद आणली, तीत चुलीतली राख कालवली. दुपारी पुरुष कामावर गेले की पदर खोचून बायका रांगेनं उकिडव्या बसत आणि एका टोकाकडून चोपत दुसऱ्या टोकाला जात. मीही बसे. माहेरी अंगण चोपलेलं होतं, हाताला सवय होती. चोपताना बोलणं आपोआप होतं. कोणाच्या सासूचं, कोणाच्या जावेचं, मिलोच्या भाकरीला चिरा कशा जातात त्याचं. एक मेली गाणं म्हणे आणि अर्ध्यावर विसरे. त्या पंधरवड्यात मी जितकं बोलले तितकं आधी कधी बोलले नव्हते.

चोपून झालं की सारवण. एक थर वाळला की दुसरा. स्वतःच्या घरातली जमीन जरा खडबडीत राहिली तर चालते. इथे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. शेजारणीचा पट्टा आपल्यापेक्षा गुळगुळीत दिसला की बाई पुन्हा पाणी शिंपडून आपला पट्टा घोटायला बसे. गडूच्या बुडानं घासून घोटलं. शेवटी ती जमीन हाताला देवघरातल्या जमिनीसारखी लागायला लागली.

हे कचेरीतून आले की वहाणा काढूनच मैदानात जात. एकदा बोटाच्या पेरानं जमीन वाजवून बघितली. टण आवाज आला. मला म्हणाले, "असं मैदान जिल्ह्यात नाही." त्यांचे डोळे भरून आले होते, पण चष्म्यामुळे इतर कोणाला दिसलं नसावं.

पंच आले, पाहिलं, बूट काढायचे का म्हणून विचारलं. स्पर्धा आमच्याकडेच राहिली. पण सारवण टिकावं म्हणून मावशींनी पोरांना स्पर्धेपर्यंत मैदानावर पाऊल ठेवू दिलं नाही. सराव शेजारच्या पडीक जागेत, धुळीतच चालला. ही गोष्ट तेव्हा कोणालाच खटकली नाही.

स्पर्धेचे दिवस आले. शेवटचा सामना अपेक्षेप्रमाणे आमचा आणि कारखान्याचा. तोवरच्या सामन्यांत आमच्या पोरांचे चेंडू हातातून बरेच निसटले होते, पण आम्ही जिंकत होतो, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. त्या दिवशी सगळी गल्ली कडेला सतरंज्या टाकून बसली होती. सासूबाईही आल्या होत्या. कारखान्याची पोरं ट्रकमधून उतरली. त्यांच्या कप्तानानं चेंडू घेतला आणि मधोमध येऊन एकदा आपटला. चेंडू सरळ त्याच्या छातीपर्यंत उठला. त्यानं पुन्हा आपटला. पुन्हा छातीपर्यंत.

"भाऊसाहेब," तो मोकळेपणानं म्हणाला, "हे तर आमच्या सिमेंटपेक्षा भारी हाय. घरी खेळल्यासारखं वाटतंय."

यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला त्याच क्षणी सगळं समजलं. मुरूम मऊ, चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही, आपण खालून काढून नेऊ. वर्षभर ज्याच्या भरवशावर हा माणूस होता तो मऊपणा आम्ही बायकांनी चोपून, सारवून, घोटून काढून टाकला होता. आणि तो जाताना हे स्वतः शेजारी उभे राहून वाहवा करत होते.

आम्ही हरलो. या वेळी थोडक्यात नाही. आमची पोरं खाली हात ठेवून होती आणि चेंडू वरून जात होता. सासूबाई मध्यंतरात म्हणाल्या, "आता बदला टोपल्या," पण त्यानंतरही काही फरक पडला नाही. मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "हरू द्या! जमीन बगा की कशी ऱ्हायलीय, एक पोपडा न्हाई उडाला!" आणि ते खरं होतं.

बायकांपैकी कोणाला हरण्याचं कारण कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. यांनी कोणाला सांगितलं नाही. पोरांनाही नाही. बक्षीस देऊन झाल्यावर मावशींना नमस्कार करून म्हणाले, "तुमच्यामुळं स्पर्धा झाली."

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, तेही घमेल्यात उभं राहून. तशी आता सवय लागली होती. मी ताट वाढलं. बराच वेळ ते भाकरी नुसती मोडत राहिले. मला वाटलं, आज हा माणूस पुढच्या वर्षाचं नाव काढणार नाही. एस.टी.तली चेष्टा खरी ठरली.

"पुढच्या वर्षी शेवटचा सामना परत कारखान्यावर आहे," ते म्हणाले.

"हो."

"सिमेंटवर."

"हो."

"आणि आपली पोरं आता वर्षभर कशावर खेळणार?" त्यांनी मान वर केली. "अगं, सिमेंटसारख्याच जमिनीवर. छातीपर्यंत उठणाऱ्या चेंडूवर. म्हणजे तिकडे गेल्यावर त्यांना काही नवीन वाटणारच नाही!" आणि त्यांनी भाकरीचा मोठा घास घेतला.

सासूबाईंनी पलीकडून विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"पुढच्या वर्षी जिंकणार म्हणतायत," मी सांगितलं.

"मग त्या मैदानाला दर आठवड्याला सारवण लागेल," त्या म्हणाल्या. "नाहीतर पोपडे धरतील. मावशीला सांगून ठेव."

दुसऱ्या दिवशी टँकर येणार नव्हता. सकाळी मी तांदूळ धुतले आणि ते पाणी भांड्यांसाठी ठेवायचं की डब्यात टाकायचं, याचा क्षणभर विचार केला. मग डब्यात ओतलं आणि डबा दाराबाहेर ठेवला. समोरच्या दारात मावशींचा डबा आधीच ठेवलेला होता.