दोन कॅसेटी आणि चाऱ्याची यादी

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दुष्काळाच्या उन्हाळ्यात आमच्या दूध संघात कॉम्प्युटर आला. टीव्हीला जोडायचा, पाटीएवढा. सोबत मोडेमचा डबा. त्याच्या दोन रबरी वाट्यांत फोनचा रिसीव्हर दाबून बसवायचा. ज्या गावांचा चारा त्या दिवशी संपला त्यांची यादी रोज फोनच्या तारेवरून पुण्याच्या ऑफिसला धाडायची, मग तिथून ट्रक सुटायचे. विहाराच्या ओट्यावर अभ्यास करून मी टायपिंग पास झालेली, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

यादी धाडायचे दोन प्रोग्राम आले होते, दोन कॅसेटींवर. दोन्ही वापरून बघायचे आणि कोणता ठेवायचा ते मी लिहून द्यायचं.

लाल कॅसेटवरचा मला पहिल्याच दिवशी आवडला. ठसठशीत अक्षरं, फोन लागला की यादी सुसाट. निळा म्हणजे रडतराऊ. चार ओळी पाठवायचा, थांबायचा, टीव्हीवर एक टिंब काढायचा. मध्येच प्रश्नचिन्ह काढून त्याच ओळी परत पाठवायचा. मला मुळात धीर कमी. तिसऱ्या दिवशी लिहून टाकलं, लाल ठेवा, निळा नुसता वेळ खातो.

त्याच आठवड्यात वडील मुरुमहून मला भेटायला ऑफिसात आले. ते बाजारात मापारी, पायलीनं ज्वारी मापून द्यायचे. लाल प्रोग्राम यादी धाडत होता आणि मी ऐटीत बघत होते.

"तिकडचा माणूस मिळालं म्हनतोय का?" त्यांनी विचारलं.

"त्याची गरज नसते, दादा. तुम्हाला न्हाय कळायचं."

ते बोलणं आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

चार दिवसांनी लोहाऱ्याकडचे एक म्हातारे ऑफिसात आले. "बाई, शेजारच्या गावाला उसाचं वाढं आलं. आमचं गाव यादीत न्हाय व्हय?"

होतं. मीच टाइप केलं होतं. पुण्याला विचारलं, तर वडील आले होते त्या दिवशीच्या यादीत तेवढी एकच ओळ नव्हती. तार खरखरली तेव्हा ती हरवली आणि लाल प्रोग्राम मागं वळून न बघता पुढं गेला. तोंडी सांगून ट्रक मिळत नव्हता, यादीतच नाव लागत होतं. साहेब वैतागून म्हणाले, "तो डबा परत करा. यादी पोस्टानं जाऊ द्या."

पोस्टाला आणखी तीन दिवस. म्हाताऱ्यांच्या गावातली गुरं पाचोळ्यावर होती.

तेव्हा मला वडिलांचं मापणं आठवलं. ते एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि पुढची पायली पोत्यात पडेस्तोवर तोच आकडा घोकत राहतात. लाभ, लाभ, लाभ. मग दोन, दोन, दोन. कुणी कितीही बोलू दे, आकडा सुटत नाही. निळा दुसरं काय करत होता? पुण्याहून मिळालं असं कळेस्तोवर तोही त्याच ओळी धरून बसायचा.

"साहेब, मी लिहून दिलं ते चुकलं," मी म्हटलं. "आजची यादी निळ्यावर धाडू द्या. मग डबा परत करा."

तार लई खराब होती. टिंब. टिंब. प्रश्नचिन्ह. परत तेच. म्हातारे माझ्या मागं उभे होते आणि मी पुटपुटत होते, लाभ, लाभ. शेवटी पुण्यानं मिळालेली यादी आमच्या टीव्हीवर उलट धाडली. म्हाताऱ्यांच्या गावावर बोट ठेवून मी वाचून दाखवलं.

"परत एकदा इचारा की, बाई."

एरवी मी फणकारले असते. पण मी परत विचारलं, आणि परत तेच नाव आलं. दुसऱ्या दिवशी वाढ्याचा ट्रक त्यांच्या गावाला गेला. डबा राहिला, निळी कॅसेटही.

बाजारच्या दिवशी मी मुरुमला गेले. वडील मापत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा, माझं चुकलं."

"सतरा, सतरा, सतरा," ते म्हणत राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, डोळ्यांत हसले, पण आकडा सोडला नाही. पोतं भरेपर्यंत मी तिथंच उभी राहिले, एकदाही घाई न करता.