आबांच्या पाकिटातला ठिपका

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. काचेच्या कपाटावर धूळ बसते तसे ते बसतात, आणि बोट फिरवेपर्यंत किती बसले याचा अंदाज येत नाही. अंबाजोगाईच्या आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचेही तसेच. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मंडळात मला घेतलं ते संग्राहक म्हणून नव्हे, डागांची जाणकार म्हणून. टाकसाळीच्या मूळ पाकिटात सीलबंद असलेल्या नाण्यावरही डाग पडू शकतो, हे संग्राहकाला सांगणं म्हणजे वधूपित्याला पत्रिकेतला मंगळ सांगणं!

मंडळ महिन्यातून एका रविवारी एका पतसंस्थेच्या वरच्या हॉलमध्ये भरतं. न चुकता येणाऱ्यांत मी, कापडाचे दुकानदार हबीबभाई आणि सिरसाळ्याकडचे दत्तूआबा.

आबा त्यांच्या गावच्या सहकारी दूध संस्थेचे अध्यक्ष होते. लागोपाठच्या दुष्काळात जनावरं आधी चारा छावणीत गेली, मग बाजारात गेली. दूध थांबलं, संस्थेला कुलूप लागलं. त्याआधी सभासदांनी वर्गणी काढून आबांना टाकसाळीचं एक पाकीट भेट दिलं होतं. निळा पुठ्ठा, त्यात पारदर्शक प्लास्टिक आणि आत आरशासारखं लखलखणारं चांदीचं नाणं. आबांनी ते कधी फोडलं नाही. संस्थेचं तेवढंच काय ते शाबूत उरलं होतं.

एका रविवारी त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. नाण्याच्या कडेला बाजरीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका होता.

"मॅडम, ह्यो कुठनं आला? पाकीट तर बंद हाय."

"पाकीट बंद आहे म्हणजे हवा बंद आहे, असं नाही आबा. शिवाय असल्या प्लास्टिकमधून आणि पुठ्ठ्यातूनही वायू सुटतात. कारण आतलंच असू शकतं."

"मंजी फितुरी घरातलीच?"

"बहुधा. पाकीट फोडून नाणं चांगल्या कुपीत ठेवलं, तर ठिपका वाढायचा थांबेल. नाही फोडलं, तर पसरत जाईल."

आबांनी पाकीट उचलून पिशवीत घातलं. "लोकांनी बंद दिलंय. बंदच ऱ्हाईल."

पुढे प्रत्येक बैठकीला ते पाकीट येत गेलं, आणि प्रत्येक बैठकीला ठिपका किंचित मोठा दिसत गेला.

*

ठिपक्यावर पहिला उपाय अर्थातच हबीबभाईंनी सुचवला. त्यांचा डांबरगोळीवर अढळ विश्वास. दुकानातल्या शालूंना जी लागते, तीच नाण्यांना लागणार, हे त्यांचं तर्कशास्त्र.

"आबा, दोन गोळ्या टाका और भूल जाओ. माझा सगळा माल तसाच ठेवलाय."

मी त्यांचा "माल" मागवला. डांबरगोळीच्या वाफेनं काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं. हबीबभाईंच्या पेट्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि झाकणं पार दुधाळ झाली होती. आतलं नाणं कुठल्या राजवटीचं, हेसुद्धा ओळखू येईना.

"हबीबभाई, याला मोतीबिंदू झाला आहे."

त्यांनी पेटी उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि समाधानानं म्हणाले, "लेकिन बाई, कीड तो नहीं लगी ना!"

*

मंडळातले एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांचं चांदीचं नाणं ज्वारीच्या कणगीत ठेवत. टंचाईच्या वर्षी घरात सर्वांत जास्त राखण कणगीचीच असते, हा त्यांचा युक्तिवाद निर्दोष होता. फक्त, ज्वारीला कीड लागू नये म्हणून त्यांच्या पत्नीनं तिच्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकल्या होत्या, आणि टाकसाळीच्या पाकिटाला कोपऱ्यात एक चीर होती.

सर आनंदात आले. "मॅडम, चमत्कार! काळा डाग होता, तो गेला. नाणं बघा कसं पांढरंशुभ्र झालंय!"

मी भिंग लावून पाहिलं. "सर, हा पारा आहे. तो चांदीत मुरतो. हे नाणं आता दुरुस्त होणार नाही. पण ते राहू द्या, ती ज्वारी कुठे आहे?"

"ज्वारी? खातोय की आम्ही."

"सर, पारा विषारी असतो!"

सर क्षणभर गंभीर झाले. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "ज्वारीचं बघू नंतर. प्रदर्शनात हे 'उत्तम' वर्गात बसेल का 'मध्यम'?"

*

दिवाळीनंतरच्या बैठकीत आबा घुश्श्यातच आले. पाकिटात आता दुसरा डाग होता, लालभडक. सोबत त्यांच्या पत्नी, काकूही होत्या, तालुक्याच्या बाजाराला म्हणून निघालेल्या.

भिंगाची फारशी गरज नव्हती. "आबा, हा गंज नाही. हे कुंकू आहे. प्लास्टिकच्या सांध्यातून आत गेलंय. सुदैवानं नाण्यापर्यंत पोचलेलं नाही."

आबांनी काकूंकडे पाहिलं. "कावून लावलंस गं?"

"लक्ष्मीपूजनाला लक्ष्मीला कुंकू लावायचं न्हाई मंजी? रांडाव हाय का ती?"

काकूंनी पाकीट हातात घेतलं, तपकिरी ठिपका निरखला आणि माझ्याकडे वळल्या.

"एवढं शिकलात बाई, आन् एका डागासाठी म्हैनोन्‌म्हैने बैठका? उघडा. चिच लावून घासते, कवडीगत करून देते."

चिंचेनं घासलेलं नाणं संग्राहकांच्या लेखी मेलेलं असतं. हबीबभाईंनी दोन्ही कानांना हात लावले. आबांनी पाकीट इतक्या चपळाईनं काढून घेतलं की त्यांची गुडघेदुखी खरी की खोटी, याबद्दल मला आजही शंका आहे!

*

मंडळाच्या प्रदर्शनाला पुण्याचे एक व्यापारी आले होते. आबांचं पाकीट त्यांना आवडलं. "स्पॉट आहे, ग्रेड उतरणार. पण ओरिजिनल पॅकिंग आहे. द्यायचं का काका?"

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, व्यापाऱ्यांच्या उजव्या हातावर टाकलं आणि खालून त्यांची बोटं धरली. आमच्या जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो: भाव तोंडानं बोलत नाहीत, बोटानं दाबून सांगतात.

व्यापारी घाबरले. "काका, हात का धरलाय?"

"बोला की."

"काय बोलू?"

"तोंडानं न्हाई वो, बोटानं बोला!"

व्यापाऱ्यांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी रसायनशास्त्राची, मध्यस्थी माझ्या विषयात बसत नाही. बराच वेळ उपरण्याखाली काही घडलं नाही. शेवटी आबांनी हात काढून घेतला, उपरणं झटकलं आणि आम्हाला म्हणाले, "ह्यो गडी मुका हाय."

नंतर मी विचारलं, "आबा, पाकीट विकणार होता?"

"छ्या! इकायचं कुणाला हाय? पर भाव इचारल्याबिगर जनावर बाजारातनं म्हागारी आणत न्हाईत."

*

यथावकाश ठिपका कडेवरून सरकत नाण्याच्या मध्याकडे निघाला. मी शेवटचं बजावलं, "आबा, आता उशीर केलात तर फोडूनही उपयोग नाही." आबांनी बराच विचार केला.

"पाकीट माझं एकट्याचं न्हाई, मॅडम. सभासदांचं हाय. सभा बोलवावी लागंल."

आणि बंद पडलेल्या संस्थेची सभा त्यांनी खरोखर बोलावली! विषय एकच: पाकीट फोडण्यास मंजुरी देणे. स्थळ, जुन्या दूध संकलन केंद्राचा ओटा. मला "तांत्रिक सल्लागार" म्हणून नेलं.

गणपूर्ती झाली नाही. निम्मे सभासद ऊसतोडीला गेले होते, काही कायमचेच गेले होते. जुन्या सचिवांनी घसा साफ करून नियम सांगितला: गणपूर्तीअभावी सभा तहकूब, ती अर्ध्या तासानं याच ठिकाणी भरेल, तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. कुणीही जागचं हललं नाही. सगळे तिथेच बसून तहकुबी संपायची वाट पाहत राहिले. चहा झाला. सभा पुन्हा सुरू झाली.

सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. हात वर झाले. विरोधात एकच हात होता, खुद्द अध्यक्षांचा.

"ठराव बहुमतानं मंजूर," आबा म्हणाले, आणि कात्री त्यांनी स्वतःच हातात घेतली. कापताना प्लास्टिकचा एवढा आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं.

मी सुती हातमोजे घालून नाणं बाहेर काढलं आणि सर्वांना समजावलं: कुणीही हात लावायचा नाही. धरायचंच झालं तर कडेनं. आरशासारख्या चांदीवर बोट टेकलं की घामातले क्षार ती खायला लागतात. तो ठसा पुढे कशानंही जात नाही.

"कशानंच न्हाई?" आबांनी विचारलं.

"कशानंच नाही."

आबांनी माझ्या तळहातावरून नाणं उचललं, मधोमध अंगठा टेकवला, दाबला, आणि नाणं शेजारच्याला दिलं.

"आबा!" मी ओरडले.

नाणं ओट्यावरून फिरत गेलं. कुणी घाईनं अंगठा लावला, कुणी नीट जागा शोधून. रोज दोन कोस चालत दूध घालायला येणाऱ्या गयाबाईंनी आधी अंगठा पदराला स्वच्छ पुसला, मग टेकवला. फिरून नाणं आबांकडे आलं. तपकिरी ठिपका कुठे होता, हे आता मलाही सांगता आलं नसतं.

सचिवांनी आठवण केली, "अध्यक्ष, ठरावावर सभासदांच्या सह्या ऱ्हायल्या."

आबांनी नाणं उन्हाकडे तिरपं धरलं.

"झाल्या की."