झोळीखालच्या ताई

वसुधाताई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा चहा नाही पाणी नाही, सरळ फरशीवर उताण्या झोपल्या, माझ्या बाळाच्या झोळीखाली, आणि वर बघत राहिल्या. मला तर भीतीच वाटली, म्हटलं समोरच्या फ्लॅटमधली एवढी शिकलेली बाई, युनिव्हर्सिटीत जाते, आणि हे काय! मी दहावी नापास, परदेशात, ह्या चोआ चू कांगला येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, लिफ्टमध्ये कुणी बोललं तरी घाम फुटायचा. म्हटलं, "ताई, उठा ना, फरशी पुसायची राहिलीय." तर म्हणतात, "थांब गं वेडाबाई, खालून फार छान दिसतं."

त्या जुन्या डायऱ्या वाचायच्या. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपातले खलाशी अमेरिकेला पोचले, तिथली माणसं बघून त्यांनी जे जे लिहून ठेवलं, ते वाचायचं हेच त्यांचं काम. दुपारी मी बाळाला तेल लावत बसायचे आणि त्या डोळे अर्धे मिटून सांगायच्या, दोन झाडांना जाळं बांधलंय, त्यात माणसं झोपलीत, समुद्राचा वाराच झोका देतोय, आणि किनाऱ्यावर हा खलाशी उभा, दोन महिने अंघोळ नाही, "आणि म्हणतो काय, तर ही माणसं सारखी अंघोळ करतात, आजारी पडतील!" हसता हसता माझी तेलाची वाटीच सांडली. "पुढे तेच खलाशी जहाजावर तशीच जाळी बांधून झोपायला लागले हां." मी विचारलं, मग त्या झाडाखालच्या माणसांचं काय झालं? ताई सांडलेलं तेल पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "फार थोडी उरली गं. बघितलं सगळ्यांनी. विचारलं कुणीच नाही."

बाळाचं वजन वाढेना, तेव्हा क्लिनिकमधून सांगितलं, गुरुवारी नर्स घरी येऊन बघेल. हे कामावर. मी बाळाचं काजळ पुसलं, आईच्या लुगड्याची झोळी सोडून कपाटात कोंबली, बाळाला कॉटमध्ये ठेवलं, आणि ताईंना ओढून आणलं. "ती काहीतरी लिहून नेणार आणि माझं बाळ काढून घेणार. क्लिनिकात बघितलंय मी तिला, दगड आहे दगड, हसत पण नाही, हिला पोरबाळ नसणारच!"

"झाली तुझी पण डायरी सुरू," ताई म्हणाल्या. "विचारलंस तिला?"

नर्स आली. कॉटमध्ये बाळ ओरडून लालबुंद, आणि ती लिहितेय, लिहितेय. मी पडद्याला धरून उभी. ताई इंग्लिशमध्ये हळूच म्हणाल्या, "बाळ कसं झोपतं, ते हिला विचारा ना." पेन थांबलं. नर्सने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मी कपाटातून लुगडं काढलं, झोळीच्या लोखंडी स्टँडला बांधलं, बाळाला आत ठेवलं. दोन झोके, आणि रडं थांबलं.

तिने गाठ ओढून बघितली, जमिनीपासून वितीने मोजलं. ताईंनी मला सांगितलं, अजून खाली बांध म्हणते, बाळाला उताणंच झोपव, आणि डोळ्याआड होऊ देऊ नकोस. पण मी बघत होते तिचं बोट. एका बोटाने ती झोका देत होती, नजर खिडकीबाहेर, कुठेतरी लांब. मी सगळा जीव गोळा केला. "सिस्टर... यू, बेबी?"

मुलगी आहे म्हणाली. फिलिपिन्सला, आईजवळ. सात वर्षांची. बोट काही थांबलं नाही.

कागदावर तिने काय लिहिलं ते ताईंनी वाचून दाखवलं, "आई काळजी घेते. पंधरा दिवसांनी पुन्हा वजन." पंधरा दिवसांनी वजनाचा काटा जरासा पुढे सरकला.

मग ताईंची नोकरी संपली, इथे राहायचा पास संपला. पुण्याला जायच्या दिवशी बॅगा दारात, टॅक्सी खाली, आणि ताई पुन्हा झोळीखाली उताण्या. "येते गं," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरचं दार बंद. बाळ झोपलेलं. मी फरशीवर उताणी झोपले. एवढे महिने मी वरूनच वाकून बघायचे, श्वास चालतोय ना, एवढंच. खालून लुगड्यातून ऊन येत होतं, विरलेल्या जागी जास्त, आणि त्या उजेडात एक एवढीशी टाच, कापडाला टेकलेली, हळूहळू जायची, हळूहळू यायची.