राहिलेला चहा

बी.एड.च्या सराव पाठांसाठी मी माझ्याच जुन्या शाळेत आले आहे. "संगणकावरचे जुने रेकॉर्ड केलेले ऑनलाइन तास पुसून टाक, नव्यांना जागाच उरली नाही," असं गणिताच्या सरांनी सांगितलं, म्हणून मी एकेक तास पुसत होते. त्यात आमच्याच दहावीचा तास निघाला. जरासा लावून पाहिला, तर याच सरांच्या शिकवण्यात मध्येच माझ्या आईचा आवाज आला, "अगं, मास्तर आलेत ना? चहा घेतात का विचार की!"

माझा माइक चालू राहिला होता. तेव्हा मी लाजून फोन पालथा घातला होता. आज मात्र तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. आमच्या घरातून दहावीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्या वर्षी शाळाच घरी आली, आणि आईने तिला पाहुण्यासारखं विचारलं. शिकवणं म्हणजे कुणाच्या तरी घरी जाणंच असेल का? मला नीट सांगता येत नाही.

"सर, हा एक ठेवू का?" मी भीत भीत विचारलं.

सरांनी तो आवाज ऐकला आणि ते हसले. "ठेव. तो चहा राहिलाय माझा."

मी धावतच व्हरांड्यात आले, फोन लावला. "आई, आज दूध जास्त घे. मास्तर येतायत!"