शिडाचा शेवटचा टाका

खाडीकाठच्या मोहल्ल्यात गलबताचं शीड शिवावं ते बिल्किसबीनंच. दाभण चालवता चालवता ती भल्याभल्या तांडेलांना झापायची, आणि दर्यावर सगळ्यांना दरडावणारे ते गडी तिच्या पडवीत चिडीचूप बसायचे. टाका वाकडा दिसला की अख्खी शिवण उसवायची, मग समोर गलबताचा मालक का उभा असेना!

सासूपासून चालत आलेली तिच्या घरची एक रीत होती. शीड पुरं झालं तरी शेवटचा टाका राखून ठेवायचा. नारळी पुनवेनंतर गलबत दर्यात लोटायच्या आधी तांडेलानं आपले खलाशी घेऊन यायचं. बिल्किसबीनं विचारायचं, गेल्या फेरीत नेलेले सगळे घरी आणलेस का? कुणी दर्यात मेला असेल तर तेही तिथंच सांगायचं. तांडेलाचं उत्तर सगळ्यांनी ऐकलं की मग टाका पडायचा, आणि तो पडल्याशिवाय शीड चढवायची कुणाची छाती नव्हती.

सन तीसच्या अखेरीस तिचा एकुलता लेक अयूब कासम तांडेलाच्या गलबतावरून बसऱ्याला गेला. वाटेत कासमनं खलाश्यांचं प्यायचं पाणी तोडलं. बाकीचे गप्प बसले, अयूब बोलला. बसऱ्याच्या धक्क्यावर उतरल्यावर कासमनं वल्हं घेऊन त्याचा उजवा हात मोडला आणि मेला त्याला तिथंच टाकून निघून आला. पुढं दुसऱ्या एका गलबतानं दया केली म्हणून पोर घरी लागलं. हाड वाकडं जुळलं होतं. दोर ओढणाऱ्या हाताला भाकरी मोडवेना. अयूब भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा, आणि बिल्किसबीच्या जिवाला ते हातापेक्षाही जास्त लागायचं.

मोहल्ला काय म्हणाला? दर्यापलीकडचं दर्यापलीकडं सोड. इंग्रजाचा कायदा दीपस्तंभापर्यंत, त्यापुढं तांडेलाचा. कासम तर चारचौघांत सांगायचा की बसऱ्याची फिर्याद बसऱ्याला जाऊन कर. जसा काही बसरा म्हणजे पलीकडची आळी!

बिल्किसबी ऐकते थोडीच. बुरखा घेतला आणि शहरात रावजी वकिलांकडं गेली. वकिलांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "कासम प्रजा कुणाची?"

"आमच्यासारखाच, हितलाच."

"मग बाई, कायदाही त्याच्याबरोबर गलबतात बसून गेला होता. परमुलखात गुन्हा केला तरी इथल्या कोर्टात त्याला उभं करता येतं. मुंबई सरकारची मंजुरी लागेल, ती मी मागतो. पण डोळ्यांनी पाहिलेला माणूस बोलायला हवा. तो तुम्ही आणा."

इथंच घोडं अडलं. खलाश्यांनी पाहिलं होतं सगळ्यांनीच, पण तोंडात मिठाची गुळणी! रमजान तर अयूबचा लहानपणापासूनचा सोबती. तोही बिल्किसबी दिसली की वाट बदलायचा. तांडेलाविरुद्ध जाणाऱ्याला उद्या गलबतावर घेणार कोण, ही भीती खरी होती. बिल्किसबीलाही ती कळत होती, म्हणून राग जास्त यायचा.

पावसाळ्यात कासमचं शीड शिवायला आलं. तुम्ही म्हणाल, वैऱ्याचं शीड घेतलंच कशाला? बायका तोंडावर तेच बोलल्या. तिनं ते एरवीपेक्षा नेटकं शिवलं.

पुनव झाली, आणि कासम खलाश्यांना घेऊन पडवीत आला. बिल्किसबीनं दाभण उचललं.

"गेल्या फेरीत नेलेले सगळे आणलेस?"

कासम हसला. जुनी गोष्ट झाली, टाका घाल म्हणाला. तिनं तेच पुन्हा विचारलं, त्याच आवाजात.

"आणले," कासम म्हणाला.

आत अयूबनं ते ऐकलं. उठला, आणि दारात येऊन उभा राहिला. खलाश्यांच्या माना खाली गेल्या. रमजानची मात्र गेली नाही.

"नाय आणला," तो म्हणाला. "बसऱ्याला टाकला. हात ह्यानंच मोडला, मी बघितलाय. कोर्टात सांगीन."

मग दुसरा बोलला, मग तिसरा. बिल्किसबीनं दाभण खाली ठेवलं. त्या वर्षी कासमचं शीड तसंच पडवीत पडून राहिलं.

मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. कासमच्या वकिलानं बसरा परका मुलूख म्हणून पुष्कळ आरडाओरडा केला. मॅजिस्ट्रेटनं तो ऐकून घेतला, बाजूला ठेवला आणि कासमला तुरुंगात धाडलं. मोहल्ल्याला कळलं की आपला गडी बसऱ्यात असो नाहीतर झांजिबारात, तो बेवारशी नसतो. हात काही परत आला नाही म्हणा.

पुढच्या नारळी पुनवेला त्याच गलबताचा तांडेल म्हणून रमजान पडवीत आला. मालकानं गलबत त्याच्या हाती दिलं होतं. बिल्किसबीनं रीतीप्रमाणं विचारलं.

"एक ऱ्हायला होता," रमजान म्हणाला. "त्यालाच न्यायला आलोय. सुकाणू डाव्या हातानंपण धरतात."

बिल्किसबीचे डोळे भरून आले. अयूबनं तिच्या हातातलं दाभण घेतलं आणि शेवटचा टाका डाव्या हातानं स्वतः घातला. चांगला वाकडा पडला.

तिनं तो उसवला नाही.