शिडाची घडी

शाळेच्या ग्रंथपालबाईंच्या कानामागे पेन्सिल दिसली नाही, तर त्या आजारी आहेत असं खुशाल समजावं. गेले अकरा आठवडे पेन्सिल तिथेच होती आणि बाईंच्या पायाला भिंगरी लागली होती. तीनशे पानांची कादंबरी पन्नास मिनिटांच्या नाटकात बसवायची होती. लहानपणी तापात पडल्या पडल्या त्यांनी ती वाचली होती आणि ताप उतरल्यावरही पुस्तक संपेपर्यंत कण्हत राहिल्या होत्या. शाळेची मुलं आणि आसपासच्या वस्तीतली हौशी मंडळी यांनी मिळून ती रंगमंचावर आणावी, ही कल्पनाही त्यांचीच.

गोष्ट तशी साधी. थोरला भाऊ नावेतून जातो तो परत येत नाही. धाकटी बहीण त्याला शोधत नदीकाठाने फिरते. शेवटी तिला म्हातारा नावाडी भेटतो. भाऊ त्याच्याच नावेत होता. नाव गेली, भाऊ गेला. नावाड्याकडे उरलं ते फाटकं शीड. पुस्तकात हा नावाडी पावणेदोन पानं बोलतो आणि वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात. तालमीत मात्र तेच बोलणं प्रार्थनेनंतरच्या सूचनांसारखं वाटे. मागच्या रांगेतली मुलं बुटांच्या नाड्या सोडत, पुन्हा बांधत.

बाई तो प्रवेश बदलत राहिल्या. घोटाळा नको म्हणून प्रत्येक खर्ड्याला वेगळ्या रंगाचा कागद: पांढरा, मग पिवळा, मग गुलाबी. घरी गॅसवर दूध असे आणि बाईंच्या डोक्यात नावाडी. तिसऱ्यांदा दूध उतू गेलं तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, त्या नावाड्यालाही बुडव एकदाचा. निदान चहा तरी मिळेल."

नावाड्याचं काम शिंपीकाकांकडे होतं. शाळेचे गणवेश तेच शिवत, नाटकाचं शीडही त्यांनीच जुन्या पडद्यांचं शिवलं होतं. पिवळ्या कागदावरचं भाषण त्यांना तोंडपाठ होतं. नवा कागद आला की मान तुकवून घेत आणि खिशात घालत. बहिणीचं काम करणारी सातवीतली मुलगी उलट्या स्वभावाची. अंगाने काडी आणि जिभेने टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. ती कागद हातात पडताच पाठ करी आणि दुसऱ्या दिवशी तो बदलला की बाईंकडे असं बघे, की बाईच नजर खाली घालत.

मुख्याध्यापिकांनी अखेर शनिवार दिला. त्या दिवशी पूर्ण तालीम बघणार, पटली तर ठीक, नाहीतर नाटक रद्द आणि त्या जागी समूहगीत. गाण्याच्या बाई तयारच होत्या. ते ऐकून दुसऱ्या कुणी हात आवरता घेतला असता. बाईंनी शुक्रवारी संध्याकाळी निळे कागद वाटले. आता बहिणीने आधी विचारायचं नाही, नावाड्याने विचारायचं, "कुणाला शोधतेस?" मग तिने बोलायचं. भाषण पार काढून टाकलं होतं.

शनिवारी मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत घड्याळ काढून बसल्या. बाई विंगेत उभ्या होत्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर. चाळीस मिनिटं बरी गेली. मग टाचणी नावाड्यासमोर येऊन उभी राहिली.

ती थांबली. शिंपीकाकाही थांबले.

ती काकांच्या प्रश्नाची वाट बघत होती आणि ते तिच्या. बाईंच्या लक्षात आलं. काकांनी निळा कागद वाचलाच नव्हता. ओरडून वाक्य सांगावं, तर कुठल्या रंगाचं? बाईंच्या मुठीतल्या पेन्सिलीचं टोक तळहातात रुतलं.

काकांना रिकामे हात कधीच ठेवता येत नसत. पुढ्यात शीड पसरलेलं होतं. त्यांनी त्याचा एक काठ उचलला, सुरकुती झटकली, घडी घालायला लागले. शीड मोठं होतं, एकट्याला आवरेना. टाचणीने क्षणभर पाहिलं. मग पलीकडे जाऊन दुसरी दोन टोकं धरली. घरी वाळलेल्या चादरी धरतात तशी. दोघं जवळ आली, टोकाला टोक लागलं, लांब गेली, पुन्हा जवळ आली. शेवटची घडी पडल्यावर काकांनी ते शीड तिच्या हातांवर ठेवलं. ती ते छातीशी धरून निघून गेली. मागच्या रांगेत एकही नाडी सुटली नव्हती.

तालीम संपल्यावर मुख्याध्यापिकांनी एकच विचारलं. "तिथे कुणी काही बोलत नाही. तसं लिहिलंय का तुम्ही?"

हो म्हणणं किती सोपं होतं. गाण्याच्या बाई दारातच उभ्या होत्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "चूक झाली ती. माझीच. पण आता ती तशीच राहू दे."

मुख्याध्यापिकांनी घड्याळ मनगटावर चढवलं. "मग राहू दे. पण सोमवारी पुन्हा नवा रंग आणलात, तर समूहगीत."

काका विंगेत आले तेव्हा बाईंनी निळ्या कागदाचं काय केलं ते विचारलं. काका ओशाळले. म्हणाले, तो कागद जरा जाड असतो, त्याचा कॉलरचा साचा झकास निघतो. "आणि बाई, एकदा बेतलेलं कापड मी पुन्हा बेतायला घेत नाही."

बाई हसल्या. पण हसता हसताच शीड थोडं लहान असावं का, दुसरी घडी जरा सावकाश पडावी का, असं त्यांच्या मनात सुरू झालं होतं. हात कानामागे गेलाही. टाचणी समोरच उभी होती. तिने तळहात पुढे केला.

"बाई, पेन्सिल. खरा प्रयोग झाला की परत देईन."

घराच्या वाटेवर बाईंचा हात पाच वेळा कानामागे गेला आणि पाचही वेळा रिकामा खाली आला.